गोदाक्कांचं मासिक उत्पन्न

गोदाक्कांना वार विचारू नये, हे मी मैलापूरला राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत शिकले. वार विचारला की त्या आधी खिडकीतून आभाळाकडे बघत, मग समोरच्या फळीकडे बघत आणि सावकाश म्हणत, "आज कृष्णाच्या गुडघ्यापर्यंत रंग आलाय. म्हणजे बुधवार असेल की." बहुतेक वेळा तो शुक्रवार असे.

त्या तंजावरी चित्रं करायच्या. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर चिंचोक्याच्या खळीनं डकवलेलं कापड, त्यावर खडूच्या लेपाचा उठाव, त्यात बसवलेले काचेचे खडे, आणि त्या सगळ्यावर खऱ्या सोन्याचा वर्ख. हे काम मुळात त्यांच्या यजमानांचं, रघुनाथरावांचं. मोठ्या घरांच्या देवघरांसाठी ते चित्रं करत आणि गोदाक्का खळ शिजवून देत, खडे निवडून देत. रघुनाथराव ऐन चाळिशीत अचानक गेले, तेव्हा एक बालाजी अर्धवट राहिला होता. ज्यांचा तो होता ते लोक फळी परत न्यायला आले, तर अक्का म्हणाल्या, "राहू द्या. मी पुरा करते." तेव्हापासून त्या करतच राहिल्या. पदरात एकच मुलगी होती, सरोजा.

मी साताऱ्याची. लग्न झालं आणि यांच्या नोकरीपायी थेट मद्रासला येऊन पडले. ते एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानचे दिवस. एका लांबलचक घरात ओळीनं काढलेल्या बिऱ्हाडांत आमची दोन खोल्यांची जागा होती. मधे अंगण, अंगणात सगळ्यांची मिळून एक विहीर. तमिळचा गंध नव्हता. पहिल्या दिवशी विहिरीवर मी घागर घेऊन रडकुंडीला आले असताना मागून आवाज आला, "पाणी उदंड आहे. रडतीस का?" मराठी ऐकून मला भडभडून आलं. मराठी होतं खरं, पण कुठल्या तरी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं, आणि त्याला तमिळचा हेलकावा. अक्कांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले ते इकडचेच झाले. 'पुष्कळ' हा शब्द त्यांच्या गावीही नव्हता, सगळं 'उदंड'. ऊन उदंड, ताकात मीठ उदंड, माझं बोलणं तर फारच उदंड.

माझा स्वभाव घाईचा. मला कुठलीही गोष्ट हातावेगळी केल्याशिवाय चैन पडत नाही. अक्कांचं नेमकं उलट. 'थांब, वाळू दे,' हे त्यांचं पालुपद. चित्राला ते लागू होतंच, कारण एकेक थर वाळल्याशिवाय पुढचा देता येत नाही. पण त्या ते सगळ्यालाच लावत. माझं आणि यांचं भांडण झालं आणि मी फणकारत त्यांच्याकडे गेले, की एका खड्याला कडा लावता लावता त्या म्हणत, "थांब, वाळू दे." दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला जाब विचारायला मी निघाले, तरी तेच. मला राग यायचा. मग पाहायचे तर तासाभरात माझा राग खरंच सुकलेला असे, आणि त्याचाही मला राग यायचा.

वर्ख लावायचा दिवस आला की त्यांची खोली पाण्याखाली गेल्यासारखी होई. खिडक्या लावलेल्या, पंखा नाही, कोणी मोठ्यानं श्वास घ्यायचा नाही. एवढासा वारा आला तरी सोनं उडतं. तुळईजवळच्या काचेच्या कौलातून उन्हाची एक चौकोनी चादर खाली पडलेली असे आणि तिच्यात अक्कांचे हात फिरत. मी दाराशी बसून बघत राही. घरात शंभर कामं पडलेली असत, पण उठवत नसे. काम संपलं की त्यांच्या नखांत, भुवयांत, कधी सरोजाच्या गालावर सोन्याचा कण चिकटलेला दिसे. सरोजा शाळेत गेली की मुली तिला विचारत, "तुझ्या घरी सोनं सांडतं का गं?" ती घरी येऊन आईवर चिडे आणि गाल खसाखसा धुई.

आणि याच घरात शाळेची फी भरायला पैसे नसत.

विचित्र वाटेल, पण तसं होतं. सोनं गिऱ्हाईक आणून देई. अक्कांना मिळे ती मजुरी, आणि तीही चित्राचे डोळे उघडल्यावर. डोळे सगळ्यात शेवटी रंगवायचे, चांगली वेळ बघून. मग गिऱ्हाईक ताटात विडा-सुपारी, नारळ आणि पैसे ठेवून समोर करी. रघुनाथरावांची पद्धत होती की ताटातले पैसे देवासमोर मोजायचे नाहीत आणि कमी-जास्त बोलायचं नाही. अक्कांनीही ती पाळली. कोणी भरभरून दिलं, कोणी हात आखडला. एखाद्या महिन्यात नवीन घरांच्या वास्तुशांती, लग्नं, की अक्कांकडे तीन-तीन फळ्या. आणि आडी महिना आला की सगळा शुकशुकाट. आडी म्हणजे आपला आषाढ-श्रावणाच्या आसपासचा महिना. तिकडे त्यात लग्न करत नाहीत, नव्या घरात शिरत नाहीत, मग देव कोण करून घेणार?

वडील नसलेल्या, उत्पन्न कमी असलेल्या घरातल्या मुलांना सरकार फीची सवलत देई. त्यासाठी दरवर्षी तहसीलदाराच्या कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणावा लागे. रघुनाथराव गेल्यापासून तो दाखला विनातक्रार मिळत आला होता. सरोजा शाळेच्या शेवटच्या वर्गात गेली आणि माशी शिंकली.

त्या जूनमध्ये अक्कांच्या हातात जन्मातलं सगळ्यात मोठं काम होतं. पलीकडच्या गल्लीत एका धनिक चेट्टियार व्यापाऱ्यांनी नवं घर बांधलं होतं. त्यांना देवघरासाठी दाराएवढा कृष्ण हवा होता. चौकशीला कचेरीचा माणूस आला तो नेमका वर्खाच्या दिवशी. तरुण, घामाघूम, बगलेत कागद. सरोजानं दार उघडलं आणि त्याला आत पाय टाकायच्या आधी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. बिचारा तसाच चवड्यावर आत आला आणि बघतो तर काय, गरिबीचा दाखला मागणाऱ्या बाई कोपरापर्यंत सोन्यात.

मी तेव्हा तिथेच दाराशी होते. तो कुजबुजत म्हणाला, "अम्मा, हे खरं सोनं आहे?"

अक्का दुखावल्या. "खरं नाही तर काय? देवाला खोटं लावू?"

"कुणाचं आहे?"

इथे दुसरं कोणीही म्हणालं असतं, चेट्टियारांचं. पण वर्ख एकदा फळीवर टेकला की ते सोनं देवाचं, त्याला माणसाचं नाव लावायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. अक्का म्हणाल्या, "देवाचं."

"देव कुणाच्या घरात आहे?"

"आता माझ्याच की."

त्यानं लिहून घेतलं. मग या कामाचे किती मिळणार ते विचारलं. अक्कांनी चेट्टियार आपण होऊन बोलले होते तो आकडा अभिमानानं सांगितला. मी मागून खाणाखुणा करत होते, पण त्या खुणा बघायला अक्का भानावर कुठे होत्या? त्या माणसानं तो आकडा एका महिन्याचा धरला, बारानं गुणला आणि निघून गेला. जाताना दारापर्यंत चवड्यावरच गेला, एवढं खरं.

त्या संध्याकाळी सरोजा आईला म्हणाली ते माझ्या कानांत अजून आहे. "अम्मा, लबाड बोलू नको. पण खरं इतकं मोठ्यानं का सांगतीस?"

व्हायचं तेच झालं. सवलत नामंजूर. मुख्याध्यापिका भल्या होत्या. त्यांनी अक्कांना बोलावून सांगितलं, की तिमाही परीक्षेच्या आत दाखला किंवा फी यांतलं एक काही आणा, नाही तर मुलीचं नाव पटावर ठेवता येणार नाही. कृष्णाचे पैसे आले होते, पण ते तुंबलेल्या भाड्यात आणि वाण्याच्या उधारीत गेले होते, आणि आता आडी लागला होता. सरोजा वर्गात पहिली-दुसरी येणारी मुलगी. तिनं पुस्तकं बांधून फळीवर ठेवली आणि खळ ढवळायला बसली. आईसारखं घरी राहून चित्रं करत बसायची तिची मुळीच इच्छा नव्हती. तिला टायपिंग शिकून कचेरीत जायचं होतं. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी मात्र त्या 'वाळू दे' म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "साताऱ्याच्या मुली, माझ्यासंगे कचेरीत येतीस का?"

कचेरीत आम्ही बाकावर बसून राहिलो. मी दर थोड्या वेळानं उठून कारकुनाच्या टेबलाशी जाऊन येत होते. अक्का समोरच्या भिंतीवरचे ओलीचे डाग बघत होत्या. "तो बघ हत्ती," मला म्हणाल्या, "आणि सोंडेत कमळ. कोणी मुद्दाम काढलं असतं तर इतकं बेस जमलं नसतं." आपली मुलगी शाळेतून निघायची पाळी आलीय आणि या बाई हत्ती बघतायत, म्हणून माझं डोकं फिरलं. मग त्यांचा हात माझ्या हाताला लागला. गार पडला होता.

शेवटी नाव पुकारलं. पुढचं बोलणं तमिळमध्ये झालं, पण तोपर्यंत मला ते कळू लागलं होतं.

"मासिक उत्पन्न किती?" कारकुनानं विचारलं.

"कुठल्या महिन्याचं?" अक्का म्हणाल्या.

"कुठल्याही. इथे एकच आकडा लिहायचा असतो."

"मग या महिन्याचं लिहा. काही नाही."

"काही नाही असं लिहिता येत नाही, अम्मा. मग खाता काय?"

"मागच्या महिन्यातलं."

"मग मागच्या महिन्याचं लिहितो."

"तसला महिना परत कधी येईल ते मला ठाऊक नाही. तुम्हांला असेल तर लिहा."

हे त्या अगदी सरळपणे बोलल्या. उद्धटपणाचा लवलेश नव्हता; त्यांना खरंच वाटलं होतं की सरकारी माणसाला पुढचं माहीत असू शकेल. कारकून खवळला. आपली चेष्टा चाललीय असं वाटून त्यानं कागद बाजूला सारला. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात उभे असलेले एक वयस्कर अधिकारी पुढे आले. त्यांनी तो कागद उचलला, जुनी चौकशी वाचली आणि विचारलं, "यात लिहिलंय, सोन्याचा व्यवहार. तुम्ही सोनं विकता?"

"मी सोनं लावते," अक्का म्हणाल्या.

"मी स्वतः येऊन बघतो," ते म्हणाले. दिवसही ठरवून दिला, आडीतलाच.

मी घरी येताना इतकी खुश! आडीत अक्कांच्या घरात रिकाम्या फळ्यांशिवाय काय असणार? बघू देत हवं तेवढं. मी सरोजाला बजावून ठेवलं, की त्या दिवशी खडेसुद्धा डब्यात घालून ठेव.

ठरल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं. भिंतीशी चेट्टियारांचा कृष्ण उभा. दाराएवढा, नखशिखांत सोन्याचा, समोर समई. अक्कांनी सकाळीच जाऊन चेट्टियारांच्या बायकोला खरं ते सांगितलं होतं, सरकारी माणसाला दाखवायचाय. आणि त्या बाईंनी दिवेलागणीच्या आत परत आणायच्या बोलीवर देवघरातला देव काढून दिला होता. सरोजा कोपऱ्यात पाठ करून बसली होती. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की रडून झालंय.

"अक्का, हे काय करून बसलात!" मी ओरडलेच. "अहो, ते काय म्हणतील?"

"मी काय करते असं ते पुसतात," अक्का म्हणाल्या. "तर दाखवायला नको? रिकाम्या फळ्या बघून त्यांस काय कळणार?"

बाहेर चपलांचा आवाज झाला. आता पळताही येईना. ते अधिकारी आत आले आणि कृष्णासमोर थबकले. ऊन कौलातून खाली आलं होतं आणि सगळ्या खोलीभर पिवळा उजेड हलत होता. त्यात ते, अक्का, समई, सगळंच थोडं तरंगल्यासारखं वाटत होतं. मला तर इतकी भीती वाटत असूनही क्षणभर असं वाटलं, की हे असंच राहावं, कोणी काही विचारू नये.

"हे तुम्ही केलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुमचं आहे?"

"नाही. पलीकडच्या घरातल्यांचं आहे. तुम्हांस दाखवायला एका दुपारपुरतं मागून आणलं. दिवे लागायच्या आत परत द्यायचंय."

ते हसले नाहीत. "करायला किती दिवस लागले?"

अक्का आठवू लागल्या. दिवस त्यांना कधीच आठवत नसत. सरोजानं मागे न बघता उत्तर दिलं, "पोंगलच्या आधी खळ लावली होती. डोळे उघडले ते उन्हाळा संपताना." पोंगल म्हणजे आपली संक्रांत.

"म्हणजे ते पैसे सहा महिन्यांचे," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे बोलले. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आणि तुमच्या देवघरात कुठलं चित्र आहे? तेही बघू द्या."

अक्कांनी स्वयंपाकघराच्या कोनाड्याकडे बोट दाखवलं. कोनाड्यात कापडाच्या दुकानाचं एक जुनं कॅलेंडर होतं, तारखांचा भाग कापून टाकलेलं. त्यावर छापील राम, कुंकवानं कपाळ झिजलेला. मी त्या घरात रोज जात-येत होते, त्या कोनाड्यासमोर बसून ताक प्याले होते, पण माझ्या ते कधी मनातही आलं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरोघर सोन्याचे देव पोचवणाऱ्या बाईच्या घरात कागदाचा राम होता, आणि त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांना पाणी आलं. अक्का मात्र अधिकाऱ्यांना ताक द्यायच्या गडबडीत होत्या.

अधिकाऱ्यांनी ताक उभ्यानंच घेतलं. अख्ख्या वर्षात कुठली कुठली कामं झाली ते सरोजाला विचारून घेतलं, बेरीज केली, बारानं भागली. जाताना दारात थांबून अक्कांना म्हणाले, "अम्मा, पुन्हा कोणी विचारलं तर वर्षाचं सांगा. महिन्याचं सांगत जाऊ नका."

दाखला आठवड्याभरात आला. मीच तो वाचून दाखवला. 'व्यवसाय' म्हणून त्यात चित्रकार लिहिलं होतं. अक्कांनी मला तेवढंच परत वाचायला लावलं आणि मग कागद सरोजाकडे देऊन चिंचोके भिजत घालायला गेल्या.

पण मला दाखल्यापेक्षा अधिकारी येऊन गेले त्या दिवसाची संध्याकाळच जास्त आठवते. दिवेलागण व्हायला आली होती. अक्का पुढे, मी आणि सरोजा मागून कृष्ण उचलून निघालो. वर जुनं नऊवारी पांघरलं होतं, ते वाऱ्यानं सारखं सरकत होतं. देवळाच्या तळ्याकाठानं जाताना पदर पुरता उडाला आणि मावळतीचं ऊन थेट सोन्यावर पडलं. फुलं विकणाऱ्या बायका माळा गुंफायच्या थांबल्या. एका सायकलवाल्यानं उतरून हात जोडले. सरोजा इतके दिवस या सगळ्याची लाज वाटणारी मुलगी. ती एकाएकी हसायला लागली आणि तिचं हसू थांबेचना. अक्का मागे वळून म्हणाल्या, "सावकाश, सावकाश, तिरपा करू नका," पण त्यांच्याही चेहऱ्यावर उजेड पडला होता. आम्ही त्या तळ्याकाठी फार वेळ चालत होतो असं मला उगाचच वाटतं. अंतर तर एका गल्लीचं.

सरोजा शाळा संपवून वर्षभर टायपिंग शिकली आणि त्यानंतरच्या जूनमध्ये नुंगंबाक्कमच्या एका कचेरीत लागली. पहिला पगार झाला तेव्हा अक्कांनी सगळ्या बिऱ्हाडांत सक्करपोंगल, म्हणजे गुळाचा गोड भात, वाटलं. आनंद झाला होता, पण थोड्या साशंकच होत्या. चांगले महिने त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांच्यामागून काय येतं तेही पाहिलं होतं. त्या नेहमीप्रमाणे थोडे तांदूळ, थोडी डाळ बाजूला काढून डबे भरत राहिल्या.

महिन्यानं, भर आडीत, एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या. हातात काही काम नव्हतं. मी भाजी चिरत बसले होते. त्या माझ्या ओसरीवर खांबाला टेकून बसल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "सरोजाचा पगार झाला."

"बरं झालं की," मी म्हटलं.

"तेवढाच आला. मागच्याइतकाच."

"मग? पगार तेवढाच असतो, अक्का."

"आडीतसुद्धा?"

"आडीतसुद्धा."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, मी चेष्टा तर करत नाही ना म्हणून. "आणि पुढच्या महिन्यातही?"

"पुढच्याही. त्याच्या पुढच्याही."

मी मान खाली घालून विळीवर उरलेली भेंडी चिरली, आणि काहीतरी विचारायला वर बघितलं तर अक्कांना झोप लागली होती. इतक्या वर्षांत त्यांना दिवसा झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. विहिरीवर बायका बोलत होत्या, त्यांना मी हातानंच गप्प केलं. संध्याकाळी सरोजा कचेरीतून आली, ओसरीवर आईला बघून तिथेच थांबली, आणि चपला हातात घेऊन पुढे गेली.